अर्थ कुणाचा? वाचकाच्या भूमिकेमागचा इतिहास

'कवीला इथे काय म्हणायचं आहे?' हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, अर्थ कवीच्या मनात तयार असतो आणि आपण तो फक्त ओळखायचा, असंच वाटत राहतं.

संस्कृत साहित्यशास्त्राला एवढं पुरेसं वाटलं नाही. 'गंगेवर गवळीवाडा' हे तिथलं नेहमीचं उदाहरण. पाण्यावर वस्ती कशी असेल? म्हणजे ती काठावर, हे आपण समजून घेतो. पण त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य कोणत्याच शब्दात नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं. नवव्या शतकात आनंदवर्धनाने या सूचित अर्थाला, ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटलं. तो ध्वनी ऐकू कुणाला येतो? काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे त्याला, असं आनंदवर्धनाचा भाष्यकार अभिनवगुप्त सांगतो. हाच 'सहृदय'. राजशेखर या साहित्यशास्त्रज्ञाने तर प्रतिभाच दोन मानल्या: कवीची कारयित्री, म्हणजे निर्माण करणारी, आणि रसिकाची भावयित्री, म्हणजे आस्वाद घेणारी. वाचायलाही प्रतिभा लागते, हे हजार वर्षांपूर्वी कुणी मांडलं होतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाश्चात्त्य समीक्षेत हा प्रश्न पेटला तो विसाव्या शतकात. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. १९२९ साली ते पुस्तकरूपाने आले, तेव्हा शिकलेली माणसंही किती वेगवेगळं, कधी किती चुकीचं वाचतात, हे उघड झालं. यावर अमेरिकेतल्या 'नवसमीक्षा' या समीक्षापंथाने संहितेचा, म्हणजे समोरच्या लिखित मजकुराचाच, आधार घेतला: विमसॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू बाजूला ठेवला आणि १९४९ मध्ये वाचकावर होणारा परिणामही. लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्येच वाचक आणि संहिता यांच्यातल्या देवघेवीची बाजू मांडली होती, पण तिच्याकडे समीक्षकांचं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं.

१९६७ मध्ये पारडं फिरलं. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची, म्हणजे अर्थावरचा त्याचा हक्क संपल्याची, घोषणा केली ती वाचकाच्या जन्मासाठी. त्याच वर्षी जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी साहित्याचा इतिहास वाचकांच्या अपेक्षांच्या क्षितिजावरून, म्हणजे त्या त्या काळचे वाचक कोणत्या अपेक्षांनी वाचत होते त्यावरून, लिहावा, असं मांडलं. त्यांचे सहकारी वोल्फगांग इझर म्हणाले की, संहितेत रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या भरतो.

अमेरिकी समीक्षक स्टॅन्ली फिश यांचा अनुभव याही पुढचा. १९७१ मध्ये आधीच्या तासाला फळ्यावर लिहिलेली भाषाशास्त्रज्ञांची नावं त्यांनी तशीच ठेवली आणि धार्मिक कविता शिकणाऱ्या पुढच्या वर्गाला ती कविता म्हणून दाखवली. विद्यार्थ्यांनी त्या नावांतून क्रूस, येशू, मेरी असे सारे संदर्भ उलगडून दाखवले. यावरून फिश यांनी ठरवलं की, अर्थ घडवते ती वाचनाची शिस्त शिकवणारी मंडळी, म्हणजे अन्वयार्थ लावणारा समुदाय. इझर यांच्या रिकाम्या जागाही वाचकच निर्माण करतो, असा त्यांचा आक्षेप होता. इझर यांना तो पटला नाही. वाचक काय भरतो त्यावर संहितेचा काही अंकुश असतोच, या मतावर ते ठाम राहिले.