रोमिंग प्रोफाइल बिघडले, तर आधी कालची संध्याकाळ तपासावी

मोठ्या कार्यालयात, महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा रुग्णालयात एकच माणूस दिवसभरात वेगवेगळ्या संगणकांवर बसतो. तरीही प्रत्येक ठिकाणी त्याला आपलाच डेस्कटॉप, आपल्याच फाइली आणि आपणच केलेली मांडणी मिळावी, अशी सोय विंडोजमध्ये एनटी या जुन्या आवृत्तीच्या काळापासून आहे. या सोयीला रोमिंग यूझर प्रोफाइल म्हणतात. ती सुरळीत चालत असते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडली की तक्रार मात्र बहुधा सकाळी, लॉगऑन केल्याबरोबर येते: डेस्कटॉप कोरा दिसतो, कालच्या फाइली सापडत नाहीत, किंवा तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगऑन झाल्याची सूचना कोपऱ्यात झळकते. साहजिकच सगळ्यांचा संशय समोरच्या संगणकावर जातो आणि त्याचीच उलथापालथ सुरू होते. प्रत्यक्षात अनेक वेळा बिघाडाचे मूळ आदल्या लॉगऑफमध्ये असते, आणि तो लॉगऑफ कित्येकदा दुसऱ्याच संगणकावर झालेला असतो.

असे का होते, हे समजण्यासाठी या सोयीची रचना पाहावी लागते. तिला ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ म्हणण्याचा मोह होतो, पण ती म्हण येथे दिशाभूल करते, कारण विंचवाचे बिऱ्हाड एकच असते आणि रोमिंग प्रोफाइलच्या किमान दोन प्रती असतात. एक प्रत सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये राहते आणि दुसरी आपण बसलो आहोत त्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर, ‘यूझर्स’ या फोल्डरमध्ये. लॉगऑन करताना दोन्ही प्रतींची तुलना होते आणि सर्व्हरवर जे नवे असेल ते खाली उतरवले जाते. त्यानंतर दिवसभराचे काम स्थानिक प्रतीवरच चालते आणि लॉगऑफ करताना झालेले बदल पुन्हा सर्व्हरवर चढवले जातात. म्हणजे या दोन क्षणांच्या मधल्या सात-आठ तासांत सर्व्हरवरची प्रत सामान्यतः शिळीच असते. ज्यांनी पाच संगणकांवर काम केले आहे त्यांच्या प्रती पाचही ठिकाणी पडून असतात आणि त्यांतील प्रत्येकीचे वय वेगळे असते.

प्रोफाइलमध्ये दोन प्रकारचा ऐवज असतो. पहिला प्रकार साध्या फाइलींचा, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि ‘ॲपडेटा’ फोल्डरमधील ‘रोमिंग’ हा भाग. त्याच्या शेजारचा ‘लोकल’ हा भाग जाणूनबुजून त्याच संगणकावर ठेवला जातो. दुसरा प्रकार म्हणजे ‘एनटीयूझर.डॅट’ नावाची एकच फाइल. वापरकर्त्याच्या बहुतेक आवडीनिवडी, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह आणि प्रोग्रॅमांच्या मांडण्या या एका फाइलीत नोंदलेल्या असतात. लॉगऑनच्या वेळी ती रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोज आपल्या मांडण्या ज्यात नोंदवते त्या साठ्याचा, भाग म्हणून उघडली जाते आणि लॉगऑफच्या वेळी बंद होते. साध्या फाइलींची तुलना एकेक करून, त्यांच्या वेळेनुसार होऊ शकते. एनटीयूझर.डॅटचे तसे तुकडे पाडता येत नाहीत, ती जाते ती अख्खीच जाते. त्यामुळे एखाद्याने दोन संगणकांवर एकाच वेळी लॉगऑन केले, पहिल्यावर नेटवर्क ड्राइव्ह जोडला, तेथून आधी लॉगऑफ केले आणि नंतर दुसऱ्यावरून केले, तर दुसऱ्याची फाइल पहिलीवर चढते आणि जोडलेला ड्राइव्ह नाहीसा होतो. हा बिघाड नसून रचनेचाच परिणाम आहे, आणि त्यावर उपाय शोधत बसण्यापेक्षा एका वेळी एकच लॉगऑन ठेवण्याची सवय लावलेली बरी.

खरा बिघाड होतो तो लॉगऑफ अपुरे राहिल्यामुळे. एखादी अँटिव्हायरस सेवा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर एनटीयूझर.डॅटमधील काही भाग उघडा धरून ठेवतो आणि ती फाइल वेळेवर बंद होत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात हा त्रास इतका वाढला होता की मायक्रोसॉफ्टने केवळ तेवढ्यासाठी यूपीएचक्लीन नावाची वेगळी सेवा उपलब्ध करून दिली होती. त्यानंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज स्वतःच अशी अडून राहिलेली फाइल जबरदस्तीने बंद करते आणि घटनांच्या लॉगमध्ये १५३० क्रमांकाची नोंद करून ठेवते. ही नोंद एकटी दिसली तर घाबरण्याचे कारण नसते. १५०९ आणि १५०४ या नोंदी मात्र गांभीर्याने घ्याव्यात. पहिलीत नेमकी कोणती फाइल कोठून कोठे नक्कल करता आली नाही हे लिहिलेले असते, तर दुसरीचा अर्थ प्रोफाइल सर्व्हरवर पूर्णपणे पोहोचले नाही असा होतो. या नोंदी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजमधील नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये सापडतात, पण त्या त्या-त्या संगणकावरच राहतात. म्हणून तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न ‘आज काय दिसते?’ हा विचारू नये. ‘काल शेवटी कोणत्या संगणकावर बसला होतात, आणि तो कसा बंद केलात?’ हा विचारावा.

कसा बंद केला हे महत्त्वाचे ठरते, कारण प्रोफाइल फुगले की लॉगऑफ लांबते. डेस्कटॉपवर ४ जीबीच्या चित्रफिती ठेवलेल्या माणसाने ज्या संगणकावर पूर्वी कधी काम केलेले नाही तेथे लॉगऑन केले, तर १०० मेगाबिटच्या जोडणीवर केवळ तेवढा ऐवज उतरायला, तोही आदर्श वेगाने, पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. शिवाय एका मोठ्या फाइलीपेक्षा तितक्याच आकाराच्या हजारो बारीक फाइली जास्त वेळ खातात, कारण प्रत्येक फाइल उघडणे, तपासणे आणि बंद करणे यासाठी सर्व्हरशी वेगळी देवाणघेवाण करावी लागते. काही प्रोग्रॅम आपला तात्पुरता साठा ‘लोकल’ऐवजी ‘रोमिंग’ भागात ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या संवादाच्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती तसे करत असे, आणि असा पसारा रोज विनाकारण प्रवास करतो. संध्याकाळी सहाची लोकल गाठायची असलेला माणूस पडद्यावरचे फिरते वर्तुळ किती वेळ पाहत बसणार? तो पॉवरचे बटण दाबून धरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीची तयारी तेथेच पूर्ण होते. म्हणून फोल्डरचा आकार तपासणे आणि अनावश्यक फोल्डर ग्रुप पॉलिसीद्वारे, म्हणजे सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून लावायच्या नियमांद्वारे, प्रवासातून वगळणे हे काम वरवर क्षुल्लक वाटले तरी सर्वाधिक फळ देणारे आहे.

तात्पुरत्या प्रोफाइलची सूचना आली, तर सर्वप्रथम त्या सत्रात काहीही जतन करू नये, कारण लॉगऑफ होताच ते सगळे पुसले जाते. अशा वेळी लॉगमध्ये १५११ क्रमांकाची नोंद सापडते, आणि जोडीला अनेकदा १५१५ असते. रजिस्ट्रीत ‘प्रोफाइललिस्ट’ नावाची यादी असते. तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या एसआयडी या ओळख क्रमांकासमोर त्याच्या स्थानिक फोल्डरचा पत्ता असतो. हा दुवा तुटला की विंडोज जुन्या नोंदीच्या नावापुढे ‘.बॅक’ असे शेपूट जोडून ती बाजूला ठेवते. ते शेपूट काढून नाव पूर्ववत करण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो आणि तो चालतोही, मात्र रजिस्ट्रीची प्रत आधी जपून ठेवावी आणि दुवा का तुटला हेही पाहावे. पुष्कळदा कारण अगदी साधे असते: जागा मोकळी करण्यासाठी कोणीतरी ‘यूझर्स’मधील फोल्डर हातानेच पुसलेले असते. फोल्डर जाते, यादीतली नोंद राहते. स्थानिक प्रत काढायचीच असेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीजच्या प्रगत भागातील यूझर प्रोफाइलच्या खिडकीतून काढावी, म्हणजे दोन्ही एकत्र जातात. प्रोफाइल सध्या रोमिंग आहे की नुसते लोकल म्हणून चालले आहे, हेही त्याच खिडकीत कळते. मात्र सर्व्हरवरची प्रत पूर्ण आणि ताजी असल्याची खात्री होईपर्यंत स्थानिक प्रतीला हात लावू नये, कारण काल लॉगऑफ फसले असेल तर कालचे काम फक्त तेथेच उरलेले असते.

सर्व्हरच्या बाजूचे दोष संख्येने कमी, पण जास्त चकवणारे असतात. प्रोफाइलच्या फोल्डरची मालकी त्या वापरकर्त्याची आहे ना, हे विंडोज तपासते. एखाद्या उत्साही व्यवस्थापकाने आत डोकावण्यासाठी मालकी स्वतःकडे घेतली की पुढच्या सकाळपासून ते प्रोफाइल नाकारले जाऊ लागते. व्यवस्थापकांना प्रवेश देणारी स्वतंत्र पॉलिसी आहे, पण ती फोल्डर तयार होण्यापूर्वीच लागू असावी लागते. विंडोजची आवृत्ती बदलल्यावर सगळे गेल्यासारखे वाटते, त्याचे कारण आणखी वेगळे आहे: विंडोज ७ चे फोल्डर ‘.व्ही२’ या शेपटाचे असते, विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचे ‘.व्ही५’ आणि २०१६ च्या १६०७ या आवृत्तीपासून ‘.व्ही६’. जुने फोल्डर शेजारीच सुखरूप असते, फक्त नवी आवृत्ती ते वाचत नाही.

जोडणीचे दोष यापेक्षा लवकर सापडतात. इंटरनेट चालावे म्हणून कोणी संगणकाच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या जागी, बाहेरचा सार्वजनिक पत्ता भरला, तर संकेतस्थळे उघडतात, पण कार्यालयाचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे वापरकर्त्यांची ओळख तपासणारा सर्व्हर, सापडत नाही. जतन केलेल्या ओळखीवर लॉगऑन होते आणि जुनी स्थानिक प्रत पुढे येते. जोडणीचा वेग ५०० किलोबिटपेक्षा कमी भरला, तर विंडोज मूळ नियमानुसार ती मंद ठरवते आणि सर्व्हरची प्रत न उतरवता स्थानिक प्रतीवरच काम भागवते. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपून घड्याळ मागे पडलेला संगणकही असाच फसवतो. कर्बेरॉस या ओळख तपासणीला पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही, आणि फाइलींची नवी-जुनी तुलनाही वेळेवरच अवलंबून असते.

मूळ अडचण नक्कल करण्याची असल्यामुळे, जितके कमी नक्कल करावे लागेल तितके बरे. फोल्डर रिडायरेक्शनने डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप थेट सर्व्हरवरच ठेवता येतात, आणि मग प्रवास करणारे प्रोफाइल अगदी आटोपशीर राहते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतलेले एफएसलॉजिक्स हे प्रोफाइल सांभाळणारे सॉफ्टवेअर याहून पुढे जाते. त्यात संपूर्ण प्रोफाइल सर्व्हरवरील एका आभासी डिस्कमध्ये असते आणि लॉगऑनच्या वेळी ती डिस्क नुसती जोडली जाते. त्यामुळे संध्याकाळचे चढवणे उरत नाही, पण दिवसभर नेटवर्क अखंड राहणे आवश्यक होते. ज्या कार्यालयात दुपारी वीज गेली की नेटवर्कचा स्विचही बंद पडतो, तेथे आधी त्या स्विचला यूपीएस जोडावा आणि मगच ही पद्धत स्वीकारावी.