वॉटर कूलिंग लूपमधले धातू

कॉम्प्युटर गार ठेवायला पंप, रेडिएटर, वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) आणि नळ्या स्वतः जोडून पाण्याचा जो बंद फेरा बनवतात त्याला कस्टम लूप म्हणतात. यात पाण्याला लागणारे सगळे धातू एकमेकांशी जमणारे पाहिजेत. तांबं, पितळ आणि निकेल प्लेटिंग हे एका घरातले, ॲल्युमिनियम त्यांच्यात अजिबात घालायचं नाही.

कारण गॅल्व्हॅनिक गंज. दोन वेगळे धातू, त्यांना जोडणारा विजेचा रस्ता आणि मध्ये आयन (विद्युतभार असलेले कण) असलेलं पाणी एवढं जमलं की ती बॅटरीच झाली, आणि जो धातू इलेक्ट्रॉन पटकन सोडतो तो झिजतो. इलेक्ट्रॉन सोडण्याची ही ओढ प्रमाण विभवाने मोजतात, आकडा जितका उणे तितकी ओढ जास्त. तांब्याचं प्रमाण विभव +०.३४ व्होल्ट आणि ॲल्युमिनियमचं −१.६६, म्हणजे फरक २ व्होल्टचा! ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण थर जिथे फुटला तिथे खड्डे पडायला सुरुवात होते, मग पांढरा चिकट गाळ सुटतो, तो ब्लॉकच्या बारीक खाचांमध्ये अडकतो आणि तापमान चढायला लागतं.

आता बरेच जण म्हणतात की नळी तर प्लास्टिकची आहे, धातू टेकतातच कुठे. पण रेडिएटर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूने कसलेला असतो, ब्लॉक बसवलेलं ग्राफिक्स कार्डही त्याच पत्र्याला बसतं, म्हणजे विजेचा रस्ता तयारच. आणि समजा कुठेच टेकलं नाही तरी तांब्याचे आयन पाण्यातून जाऊन ॲल्युमिनियमवर बसतात आणि तिथल्या तिथे छोट्या छोट्या बॅटऱ्या तयार होतात. त्यातही सगळा लूप तांब्याचा आणि फक्त एक फिटिंग (नळी जोडायचा तुकडा) ॲल्युमिनियमचं, ही सगळ्यात वाईट जोडी, कारण एवढ्या मोठ्या तांब्याचा सगळा मार त्या छोट्या तुकड्यावर येतो. एकच तर आहे, काय होतंय, असं म्हणूच नका.

रेडीमेड सीलबंद कूलरमध्ये तांब्याची प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर बऱ्याचदा एकत्र असतात, ते चालतं कारण आत कारखान्यातूनच गंजरोधक घातलेलं द्रव असतं. म्हणून तसला रेडिएटर काढून कस्टम लूपला लावू नये. पूर्ण लूप ॲल्युमिनियमचा केला तर चालतो, पण तांबं उष्णता वाहून नेतं सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन आणि ॲल्युमिनियम २३७ च्या आसपास, शिवाय सुटे पार्ट शोधताना दमछाक होते.

निकेल प्लेटिंग कळायला नाशिकच्या भांडी बाजारातलं पितळेचं पातेलं आठवा. आंबट पदार्थ पितळेला लागू नये म्हणून कल्हई करतात ना, इथेही तांब्यावर तसाच निकेलचा थर दिलेला असतो. फरक इतकाच की कल्हई उडाली तर परत करून घेता येते, ब्लॉकचं प्लेटिंग सुटलं की त्याचे कपचे खाचांमध्ये जाऊन बसतात. शेवाळ होऊ नये म्हणून काही जण चांदीची तार टाकतात, ती निकेल असलेल्या लूपमध्ये न टाकलेली बरी, त्यापेक्षा शेवाळरोधक औषध असलेलं तयार कूलंट वापरा.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमधून ब्लॉक किंवा रिझर्व्हॉयरची (लूपमधल्या पाण्याच्या टाकीची) टोपी करून घ्यायची असेल तर आधीच तांबं किंवा पितळ म्हणून सांगा, नाहीतर कापायला सोपं म्हणून ॲल्युमिनियम सुचवतील. ॲनोडाइझ केलेलं (वरचा ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेलं) आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, थ्रेड कसताना तो थर खरवडला जातो. पाणीसुद्धा बोअरचं नको, त्यात क्षार असतात, डिस्टिल्ड वॉटरचा सीलबंद कॅन आणा आणि गंजरोधक घाला. नुसतं डिस्टिल्ड पाणीही धातूंवरून फिरून फिरून हळूहळू आयन धरतंच.

फिटिंग विकत घेताना रंगावर जाऊ नका, काळ्या रंगाखाली काहीही असू शकतं. हातात तोलून बघा, पितळेची घनता ८.५ च्या आसपास आणि ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे तेवढंच फिटिंग तिप्पट हलकं लागतं. शंका असेल तर आतल्या बाजूला सुईने ओरखडा काढा, पिवळं दिसलं तर पितळ.