लेकराचं एएलपी वाढलं म्हणजे कावीळ नव्हे

वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत हा समज जुनाच: रक्ताच्या रिपोर्टात ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’चा (एएलपी) आकडा ठळक छापून आला की लिव्हर बिघडलं. मग लेकराचं तेल-तूप बंद आणि चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणं सुरू. तूप तोडून काय साधतं, देव जाणे!

हे एन्झाइम लिव्हरसोबत हाडांतूनही येतं, आणि वाढत्या वयात हाडं ते भरपूर सोडतात. रिपोर्टावर छापलेली मर्यादा पुष्कळदा मोठ्या माणसांची असते, 120-140च्या आसपास. चार वर्षांच्या पोराचं 280 आलं, तर ते बहुतेक वेळा नॉर्मलच. कावीळ बघायची तर बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) आणि एसजीपीटी (लिव्हरचं दुसरं एन्झाइम) पाहा. पाय वाकलेले दिसले तर मात्र डॉक्टरांकडून मुडदूस तपासून घ्या. त्यातही हा आकडा चढतो.