बडोद्याहून इंटरनॅशनल क्रिमिनल लॉ शिकायला जायचंय? मग आधी कागद बघा, फॉर्म नंतर

2023 मध्ये पुतिनवर आणि 2024 मध्ये नेतन्याहूंवर आयसीसीचं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) वॉरंट निघाल्यापासून लॉच्या पोरांना या विषयाचं वेड लागलंय, दांडिया बाजार, प्रतापनगरकडच्या घरांतून पण विचारणा होते की एलएलएम (कायद्याची मास्टर्स) कुठे करायचं, काय काय लागतं. जे पक्कं माहितीये ते सांगतो.

पहिलं म्हणजे नेदरलँड्समधल्या हेगमध्ये दोन वेगळी कोर्टं आहेत, ती एक करू नका. आयसीजे (आंतरराष्ट्रीय न्यायालय) देशादेशांमधली भांडणं बघतं, आयसीसी माणसांवर खटले चालवतं, तेही चारच प्रकारच्या गुन्ह्यांसाठी: नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. आयसीसीचा रोम करार 1998 मध्ये झाला, 1 जुलै 2002 पासून लागू आहे आणि भारत त्यात नाही. मोटिव्हेशन लेटरमध्ये (हाच कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र) या दोन कोर्टांची खिचडी केलीत तर वाचणारा तिथेच ओळखतो की पोरगं बातम्या बघून आलंय.

पात्रता तशी सोपी आहे. एलएलबी पाहिजे, तीन वर्षांची चालते, पाच वर्षांची पण चालते. भारतातच करायचं असेल तर क्लॅट पीजी (नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची एलएलएमची प्रवेश परीक्षा) द्या, जनरलला एलएलबीत 50 टक्के, एससी-एसटीला 45, आणि शेवटच्या वर्षाला असाल तरी बसता येतं. 120 प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क कट. परीक्षा डिसेंबरात असते पण फॉर्म पावसाळ्यातच सुटतात, दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं. आपल्याला सगळ्यात जवळ गांधीनगरची जीएनएलयू (गुजरात नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी). मात्र भारतात बहुतेक ठिकाणी हा विषय एलएलएममधला एखादा पेपर म्हणून येतो, पूर्ण डिग्री म्हणून नाही. दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीचं एलएलएम इंटरनॅशनल लॉवरच आहे, तेही बघून ठेवा.

बाहेर जायचं तर नेदरलँड्सची नावं आधी येतात, लायडन युनिव्हर्सिटी (तिचं ग्रोशियस सेंटर हेगमध्येच आहे), मग अ‍ॅमस्टरडॅम. सप्टेंबरच्या बॅचसाठी आपल्यासारख्यांची मुदत साधारण मार्च-एप्रिलपर्यंत संपते, दरवर्षीची तारीख त्यांच्या साइटवरच बघा, एजंट सांगतो ती धरून बसू नका. लागतं काय, तर पासपोर्ट, डिग्री, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट, सीव्ही, मोटिव्हेशन लेटर, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि आयएल्ट्स (इंग्रजीची परीक्षा), बहुतेक ठिकाणी 6.5 ते 7 बँड. आयएल्ट्स दोनच वर्षं चालते, म्हणून उगाच लवकर पण देऊ नका.

आता खरी गंमत नावाची. गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि वडिलांच्या नावाला कुठे राव, कुठे कुमार, कुठे भाई चिकटलेलं. म्हणजे मार्कशीटवर जाधव प्रसाद विजयराव, पासपोर्टवर प्रसाद विजयकुमार जाधव, आणि जन्मदाखल्यावर नुसतं विजयभाई. इथे कोणाला काही वाटत नाही, पण डच युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातल्या बाईला ही तीन वेगळी माणसं वाटणार. वडिलांच्या नावातला एवढातेवढा फरक असेल तर स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट करून नोटरी बऱ्याचदा पुरते, दिवाळीपुऱ्याला कोर्टाबाहेर होऊन जातं. तुमच्या स्वतःच्या नावात किंवा आडनावात फरक असेल तर मात्र सरकारी गॅझेटमध्ये (राजपत्रात) छापून आणण्यापर्यंत जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

जन्मदाखला पण आत्ताच काढून बघा. जुन्या बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसते आईवडील आणि तारीख, तेही गुजरातीत. आधी महापालिकेत नाव चढवून घ्या आणि इंग्रजीतला दाखला मागा. तिकडे गेल्यावर नगरपालिकेत नोंदणी करताना तो अपोस्टील केलेला मागतात. अपोस्टील म्हणजे आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. भारत 2005 पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे एम्बसीचा वेगळा शिक्का लागत नाही, तो मारून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

डच व्हिसाचा अर्ज तुम्ही करत नाही, अ‍ॅडमिशन झाल्यावर युनिव्हर्सिटीच तुमच्या वतीने करते, पण त्याआधी फी आणि वर्षभर राहण्याखाण्याचे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. यूकेला तर लागणारी रक्कम खात्यात सलग 28 दिवस हलता कामा नये, मामाने आदल्या आठवड्यात टाकलेले पैसे तिथे चालत नाहीत.

पैशाबाबत आपल्या लोकांचा एक गैरसमज आहेच. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे आणि तिला महाराष्ट्राचा रहिवासी असावं लागतं, घरी मराठी बोलतो म्हणून मिळत नाही. पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहणाऱ्यांनी गुजरातच्या आणि केंद्राच्याच योजना बघायच्या. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप एससी, भटके-विमुक्त वगैरेंसाठी आहे, आधीच्या डिग्रीत 60 टक्के, वय 35 च्या आत, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत. बिन-अनामत (आरक्षण नसलेल्या) वर्गासाठी गुजरात सरकारच्या निगमाचं 15 लाखांपर्यंत, 4 टक्के साध्या व्याजाचं परदेश अभ्यास कर्ज आहे, त्यात पण उत्पन्नाची अट आहेच आणि बारावीचे मार्क बघतात.

शेवटी सगळे विचारतात की आयसीसीत नोकरी लागेल का. सदस्य देशांच्या लोकांना प्राधान्य असतं, त्यामुळे आपल्याला अवघड, इंटर्नशिपला मात्र बाकीच्या देशांतली थोडी मुलं घेतात. फ्रेंच येत असेल तर फायदाच, इंग्रजीबरोबर तीच तिथली कामाची भाषा. आयसीसीत खटले लढवणाऱ्या वकिलांच्या यादीत नाव लावायला देशाची अट नाही, पण 10 वर्षांचा अनुभव लागतो, सहाय्यक वकिलाला 5. म्हणून एलएलएमच्या नादात सनद (वकिलीचा परवाना) टाळू नका, ती एलएलबीवरच मिळते आणि अनुभवाची वर्षं प्रॅक्टिस सुरू केल्याशिवाय जमा होत नाहीत.