सोडला म्हणजे सुटला?

दोन्ही हातांत उचलून धरलेला मोठा मासा, मागे नदी आणि फोटोखाली ओळ: ‘पकडला, लगेच सोडला.’ मासा त्या नदीतल्या मूळच्या, घटत चाललेल्या जातीचा असेल तर कौतुकाला पूरच येतो. जीव सोडला म्हणजे पुण्य लागलं, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. माशाच्या रक्ताचा हिशेब वेगळा असतो.

हवेत पाण्याच्या साधारण तीसपट प्राणवायू असतो. तरीही मासा हवेत गुदमरतो, कारण त्याचे कल्ले पाण्यासाठीच घडलेले असतात. कल्ल्यांच्या लाल तंतूंवर अतिशय पातळ पापुद्र्यांच्या रांगा असतात. पापुद्र्यांच्या मधून पाणी एका दिशेने वाहतं आणि आतलं रक्त बरोबर उलट दिशेने. खरी करामत इथेच आहे. दोन्ही एकाच दिशेने वाहत असते, तर थोड्याच अंतरात दोन्हींतला प्राणवायू सारखा होऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट्या प्रवाहामुळे बऱ्यापैकी भरलेल्या रक्तालाही पुढे त्याहून ताजं पाणी भेटतं आणि वापरून झालेल्या पाण्याला त्याहून रिकामं रक्त. फरक शेवटपर्यंत टिकतो. अशा रीतीने पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू मासा काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसं हवेतला जेमतेम पाव भाग घेतात.

मासा पाण्याबाहेर आला की हे पापुद्रे भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात. प्राणवायू आत येत नाही आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. गळाच्या दोराशी झुंजताना पांढऱ्या स्नायूंनी प्राणवायूविना काम केलेलं असतं, त्यामुळे रक्त आधीच आम्लधर्मी झालेलं असतं. त्यात या अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडची भर. आम्लता वाढली की बऱ्याच माशांच्या हिमोग्लोबिनची प्राणवायू धरण्याची क्षमताच घटते. याला रूट परिणाम म्हणतात. ट्राउटसारखे मासे ताणाच्या संप्रेरकांच्या जोरावर तांबड्या पेशींमधून हायड्रोजन आयन बाहेर ढकलून काही काळ तग धरतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना पाठलाग करून दमवलं आणि मग सोडलं. हवेत न काढलेल्यांपैकी १२ टक्के मासे १२ तासांत मेले. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, तर ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. सगळ्या जातींना हेच आकडे लागू पडत नाहीत, काही मासे बरेच चिवट असतात. पण फोटोसाठी लागणारा एक मिनिट किती महाग पडू शकतो, ते यावरून कळतं.

सोडताना माशाला पाण्यात पुढेमागे हलवायची पद्धतही अशीच, मंत्र म्हटल्यासारखी पाळली जाते. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं शिरतं. प्रवाहाकडे तोंड करून नुसतं धरणं बरं. कोरडा हात लावला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचा जंतूंपासून बचाव करत असतो. पाणी तापलेलं असेल तर दुहेरी मार: १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात, आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते.

‘माशाला कुठे दुखतं’ हा युक्तिवाद आता लंगडा झाला आहे. ट्राउटच्या डोक्यावर आणि ओठांजवळ इजा ओळखणारे चेतातंतू आहेत, हे २००३ पासून ठाऊक आहे. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला बंदी आहे. मला हा विचार पटतो, पण सरसकट नाही. खाण्यासाठी गळ टाकला आणि अंड्यांनी भरलेली मादी लागली, तर तिला सोडायलाच हवं. बाहेरून येऊन माजलेल्या जातींबाबत गणित उलटं होतं: ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पकडलेला कार्प परत पाण्यात सोडणं हाच गुन्हा आहे. मूळच्या जातींमध्ये अडचण अशी, की मोठ्या, वयस्क माद्या सर्वांत जास्त अंडी घालतात, गळाला लागल्यावर जास्त वेळ झुंजतात, आणि फोटोसाठी हातात जास्त वेळ धरल्या जातात त्याही त्याच.