वांड पोर आणि वजनकाटा

गणपतीत घर भरलं की चार वर्षांच्या वांड पोराचा निकाल ओटीवरच लागतो. मुंबईहून आलेली मावशी म्हणते, "आमच्या सोसायटीत एकाला गोळी सुरू केली, आता तासभर अभ्यासाला बसतो." आजी फणकारते, "ह्येचो बापूस तरी कधी एका जाग्यार बसलो?" पोराची आई मधल्या मध्ये कावरीबावरी. इतक्या लहान वयात चंचलपणावर गोळी द्यावी का, यावर अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ गेली पंचवीसेक वर्षं भांडताहेत, तो वाद थोडाफार हाच आहे. मला विचाराल तर सहा वर्षांखालच्या मुलांबाबत मी आजीच्या बाजूने आहे, फक्त माझी कारणं वेगळी आहेत.

या जातीच्या गोळीचा हा उपयोग अपघातानेच कळला. १९३७ साली ऱ्होड आयलंडमधल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने मुलांच्या डोकेदुखीवर बेन्झेड्रिन देऊन पाहिलं. मेंदूचा एक्स-रे नीट दिसावा म्हणून तेव्हा पाठीच्या कण्यातून पाणी काढत, त्यानंतर डोकं ठणकायचं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण ३० पैकी १४ मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. बेन्झेड्रिन ही तर तरतरी आणणारी गोळी! आज एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकारासाठी, सर्रास वापरलं जाणारं मेथिलफेनिडेट याच जातीचं. मेंदूतलं डोपामिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) पेशींमधल्या फटीतून चटकन परत शोषलं जातं, ते हे औषध रोखतं. त्यामुळे कपाळामागचा, 'जरा थांब' म्हणणारा भाग नीट कामाला लागतो.

मात्र हा परिणाम फक्त आजारी मुलांवर होतो असं नाही. ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १९७८ साली अशाच औषधाचा एक डोस अगदी निरोगी मुलग्यांना दिला, तर त्यांचंही लक्ष सुधारलं आणि वळवळ कमी झाली. तेव्हा 'गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच' हे मावशीचं गणित चुकतं. दुर्दैवाने हे गणित मांडणारे काही डॉक्टरही भेटतात.

शाळकरी मुलांवर या औषधाचा अभ्यास भरपूर झालाय. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास मात्र २००६ साली आला. सुरुवातीला ३०३ मुलं होती. आधी पालकांना दहा आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि तरीही ज्यांचं भागलं नाही त्यांच्याच मुलांना गोळी दिली. वेगवेगळे डोस ताडून पाहण्याच्या टप्प्यापर्यंत १६५ मुलं उरली. औषध लागू पडलं, पण मोठ्या मुलांइतकं नाही. गोळी सुरू झालेल्यांपैकी साधारण दहात एका मुलाची गोळी त्रास झाल्याने थांबवावी लागली. हा त्रास म्हणजे चिडचिड, रडवेपणा, झोप उडणं, भूक मरणं. वर्षभर गोळी घेतलेल्यांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्के कमी वाढली. वजनातली वाढ तर ५५ टक्के कमी भरली.

चार वर्षांचं मूल वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढतं. त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा गेला तर अंगणवाडीताईंच्या वजनकाट्यावर ते लगेच दिसेल. ती अमेरिकी मुलं सुरुवातीला सरासरीपेक्षा दणकट होती, त्यांना थोडं घटणं परवडलं. आपल्याकडे तक्त्यावर हिरव्या-पिवळ्या पट्ट्याच्या सीमेवर लोंबकळणारं मूल असेल तर ही गोळी लिहिण्याआधी दहादा विचार व्हायला हवा. ज्यांना ती खरंच लागते त्यांना सकाळी पोटभर घावणे खाऊ घालून मगच द्यावी. दुपारचा भात ताटातच राहतो हे गृहीत धरून संध्याकाळी भूक परतली की भरपेट जेवण द्यावं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: सहा वर्षांखाली पहिला उपाय पालकांचं प्रशिक्षण, त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास बराच असला तरच मेथिलफेनिडेट. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला आणखी एका तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय औषध देऊ नये असा दंडक आहे.

निदानाचीच एक गोम फार बोलकी आहे. अमेरिकेत जिथे शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबरची अट आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान ठरतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३४ टक्के जास्त झालेलं दिसलं. एका महिन्यात मेंदू बिघडत नाही, शाळेतल्या बाई मात्र त्या मुलाची तुलना वर्षाने मोठ्या मुलांशी करतात. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्यांना पहिलीत घेतात, म्हणजे डिसेंबरातलं पोर जूनमध्ये साडेपाचचं असतं. शाळेतून गाऱ्हाणं आलं की आधी जन्मतारीख बघा. मग कान तपासा, आणि रात्री घोरतं का तेही. कमी ऐकू येणारं किंवा झोप न झालेलं मूलही असंच वागतं.

वादाचा काळा भाग मेथिलफेनिडेटच्या पलीकडे आहे. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात अमेरिकेत डॉक्टरांकडे आलेल्या मुलांमध्ये बायपोलर विकाराचं (मन कधी टोकाचं उसळणं, कधी पार खचणं) निदान ४० पट वाढलं आणि त्यासोबत जड औषधंही आली. २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अशी औषधं चालू असलेली चार वर्षांची मुलगी दगावली, पुढे जादा डोस दिल्याबद्दल तिचे आईवडील दोषी ठरले. रिस्पेरिडोन हे असंच एक औषध. स्वमग्न मुलाचा टोकाचा राग, स्वतःला मारून घेणं यावर त्याचा उपयोग होतो, बोलणं-मिसळणं त्याने येत नाही. २००२च्या चाचणीत आठ आठवड्यांत या मुलांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं ०.८. आपल्याकडे उलटीच गंमत: मेथिलफेनिडेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं म्हणून त्यासाठी वणवण, आणि रिस्पेरिडोनला तशी आडकाठी नाही.

आजीचं मत तसंच्या तसं उचलताही येत नाही. एडीएचडी असलेल्या मुलांना अपघात जास्त होतात, आणि आपल्या वाडीत बिनकठड्याच्या विहिरी आहेत, जेटी आहे. आठ-नऊ वर्षांचं पोर रोज मार खातंय, शाळा सुटायच्या बेतात आहे, तिथे 'मोठा झाला की सुधारेल' म्हणत गोळी नाकारणं हा हट्ट आहे.

आपली खरी अडचण पालकांच्या त्या दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाची. रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, पण वेळणेश्वरच्या किंवा देवगडच्या आईला आठवड्याला एकदा मजुरी बुडवून कुणाकडे जाता येईल? एका वेळी एकच सूचना द्यायची, नीट वागल्याचं तिथल्या तिथे कौतुक करायचं, किरकोळ नाटकांकडे काणाडोळा करायचा, हे वाचायला सोपं, पण रोज कुणी सोबत असल्याशिवाय जमत नाही. म्हणून मुंबईतली एक भेट आणि एक चिठ्ठी एवढाच उपाय हाती लागतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) डॉक्टरांना मूल दाखवून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागता येते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन फुकट लागतो.

मुंबईच्या चिठ्ठीवर क्लोनिडिन (मुळात रक्तदाबाचं, पण चंचल मुलांनाही देतात ते औषध) असेल तर एवढं पाहा: ते एकाएकी बंद केलं की रक्तदाब उसळतो. गावातल्या दुकानात मिळत नसेल तर पट्टी संपायच्या आठवडाभर आधीच येणाऱ्या गाडीवाल्याला सांगून ठेवा.