फलकावरचे नाव आणि करारावरची कंपनी

म्हापशातल्या आमच्या छोट्या कार्यालयात आम्ही घर-जमिनीची कागदपत्रे तपासून देतो. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून घर घेऊ पाहणाऱ्यांकडून एक प्रश्न वरचेवर कानावर येतो : "घरे बांधणारी कंपनी दुबईची आहे, मोठी आहे, मग कागद कशाला बघायचे?" त्यासाठी अशी कंपनी वाढते कशी ते पाहू.

एमारचेच घ्या. १९९७ साली दुबईत निघालेली कंपनी. २००२ पासून दुबईने ठरावीक भागांत परदेशी माणसांना मालकी हक्काने घर घेऊ दिले आणि गिऱ्हाईक जगभरातून आले. २०१० मध्ये एमारचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा खुला झाला. परक्या देशात मात्र अशा कंपन्या सहसा एकट्या उतरत नाहीत. भारताने २००५ मध्ये बांधकाम-विकासात १०० टक्के परदेशी भांडवलाला मोकळीक दिली; त्याच सुमारास एमार इथे आली ती एमजीएफ या भारतीय कंपनीशी भागीदारी करून. पुढे दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले.

भांडवल आणि नाव एकाचे, जागा आणि परवान्यांची धावपळ दुसऱ्याची. शिवाय एका प्रकल्पाचे कर्ज दुसऱ्याच्या मानेवर बसू नये म्हणून बहुधा प्रत्येक प्रकल्पाला निराळी कंपनी काढतात. यात गैर काही नाही. पण तुमच्या करारावर सही असते ती या निराळ्या कंपनीची, आणि जाब विचारायचा तोही तिलाच.

म्हणून गोवा रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, प्रवर्तक (प्रकल्प उभारणारा) म्हणून कोणाची नोंद आहे, ते आधी पाहा. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही.

जमिनीचे मात्र खरे त्रांगडे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा जमीन-नोंदीचा कागद) कुळाचे नाव आहे का, जागेत मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत संमतीने घर करून राहणाऱ्याचे, घर आहे का, सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी) झाली आहे का? मूळ मालकाच्या वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली मालमत्तेची कायदेशीर वाटणी, पुरी झाली का? आपल्याकडच्या नागरी कायद्यामुळे विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात; बाहेरून आलेल्या विक्री प्रतिनिधींना हे सांगावे लागते. दुबईचे नाव इथे कामाला येत नाही.

आमच्याकडे येताना कराराचा मसुदा, रेरा क्रमांक आणि सर्व्हे क्रमांक आणा. टोकन देण्याआधी आलात तर बरे. दिल्यावर येणारेच जास्त.